कोण आलं, कोण गेलं



घरात कुणी आलं की आपल्याला कळतं कसं? फाटकाची कडी वाजते. ओसरीवर चपला काढल्याचा आवाज येतो. कुणी खाकरून 'आहेत का घरात?' असं विचारतं. आणि निघताना आपल्याकडे माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. न सांगता उठून गेलेल्या पाहुण्याबद्दल घरात दोन दिवस बोललं जातं. येणंही सांगून करायचं आणि जाणंही, हे आपण लहानपणीच शिकतो.

संगणकाला हे शिकायला बरीच वर्षं लागली. आज मी त्याविषयी बोलणार आहे. आपण संगणकाला पेन ड्राइव्ह लावतो, माऊस लावतो, मोबाइल लावतो आणि मग ते काढतो. यातलं कोण आलं आणि कोण गेलं, हे आत काम करणाऱ्या प्रोग्रॅमना कसं कळतं? कवीनं या भानगडीत का पडावं, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण सांगतो.

मी मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहू लागलो. कवितेवर घर चालत नाही हे लवकरच कळलं, म्हणून १९९८ साली आमच्या तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, उरुसाची पत्रकं, सप्ताहाच्या पत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, सगळं छापून घ्यायला लोक माझ्याकडे यायचे. त्यांत आमचे शाळेतले गुरुजीही होते. मला पहिल्यांदा 'तू लिही' म्हणणारे तेच. निवृत्तीनंतर त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं होतं. दुकानातल्या संगणकांना सतत व्हायरस लागायचा, म्हणून त्यांचं काम मी त्यांच्याच पेन ड्राइव्हवर ठेवायचो. काम झालं की ते तो बंडीच्या खिशात घालून घरी न्यायचे.

अकरा प्रकरणं त्यांनी वहीत लिहून आणली होती. बारावं आलं तोवर हात थरथरायला लागला होता. ते म्हणाले, "आता मी सांगतो, तू टाईप कर." चार संध्याकाळी ते माझ्याशेजारी खुर्चीवर बसून सांगत होते. ते प्रकरण त्यांच्या पत्नीचं होतं. काकू जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती आणि त्यांच्याविषयी गुरुजी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. चौथ्या संध्याकाळी शेवटची ओळ झाली. हे २००६ सालचं. आमच्याकडे भारनियमनाचे दिवस होते. दिवे गेले, बॅटरी टीं टीं करू लागली. मी घाईघाईनं सेव्हचं बटण दाबलं आणि पेन ड्राइव्ह उपसला. त्याचा लाल दिवा लुकलुकत होता, ते मी पाहिलं. पाहूनही उपसला.

दुसऱ्या दिवशी तो लावला तर पडद्यावर आलं: ड्राइव्ह फॉरमॅट केलेला नाही, करायचा का? जिल्ह्याच्या गावी एका जाणकाराकडे नेला. बऱ्याच फायली परत आल्या, ती एक आली नाही. जे आलं ते तुकड्यातुकड्यांत, वाचता न येण्यासारखं.

गुरुजींचं काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्या लाल दिव्यानं मला बरीच वर्षं झोपू दिलं नाही. माझा भाचा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे, लिनक्स प्रणालीवर काम करतो. सुट्टीला आला की मी त्याला धरून बसवायचो. "मामू, तुम्ही कवितेचं सोडून हे काय घेऊन बसलात?" असं तो हसून म्हणायचा, पण सांगायचा. आज मी सांगतोय ते बरंचसं त्याच्याकडून शिकलेलं.

सुरुवात तारेपासून करू. पूर्वी प्रिंटरची तार वेगळी, माऊसची वेगळी, कीबोर्डची वेगळी. काहीही जोडायचं तर बहुधा संगणक बंद करा, जोडा, पुन्हा सुरू करा. चालू संगणकाला नवा पाहुणा आल्याचं कळतच नसे. सात कंपन्यांनी एकत्र येऊन यावर तोड काढली. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. इंटेल कंपनीत हे काम पुढे नेणारे अजय भट्ट मूळचे वडोदऱ्याचे, तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. चालू यंत्राला जोडता यावं आणि चालू यंत्रातून काढता यावं, हा त्या आराखड्यातला एक मुख्य हेतू होता.

आता त्या चपट्या यूएसबी खटक्यात नीट पाहा. आत चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. विजेच्या पट्ट्या थोड्या लांब असतात. त्यामुळे लावताना आधी वीज जोडली जाते, मग माहितीची तार. काढताना आधी माहितीची तार सुटते, मग वीज. पाहुण्याला आधी पाणी द्यायचं आणि मग कामाचं विचारायचं, तसा हा क्रम आहे.

संगणकाच्या बाजूला माहितीच्या दोन्ही तारा एरवी खाली ओढून ठेवलेल्या असतात. उपकरण जोडलं की त्याच्यातला दीड किलोओहमचा एक छोटा रोधक त्यातली एक तार वर ओढतो. तार वर गेली की कुणीतरी आलं. माऊस, कीबोर्डासारखी हळू चालणारी उपकरणं एक तार ओढतात, वेगवान उपकरणं दुसरी. म्हणजे कोण आलं एवढंच नाही, तर कोणत्या चालीचं आलं तेही कडीच्या आवाजावरून कळतं. दोन्ही तारा पुन्हा खाली पडल्या की पाहुणा गेला.

पण लावताना हात हलतो, धातू धातूवर घासतो, तार क्षणात वर-खाली होते. म्हणून संगणक लगेच विश्वास ठेवत नाही. किमान १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, तार स्थिर राहिली तरच खरं मानतो. मग त्या उपकरणाला तो पहिल्यापासून सुरू करतो. नव्या पाहुण्याचा पत्ता आधी शून्य असतो. मग त्याला १ ते १२७ मधला एक क्रमांक मिळतो. त्याच्याकडे १८ बाइटांची एक चिठ्ठी मागितली जाते. मी कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल, हे तिच्यात लिहिलेलं असतं. आणखी चिठ्ठ्यांवरून तो साठवणारा आहे, आवाजाचा आहे की टंकनाचा, ते कळतं.

हे सगळं देवडीवर चालतं. जुन्या वाड्याची देवडी आठवा. बाहेरचा माणूस थेट माजघरात जात नसे, आधी देवडीवर विचारपूस व्हायची. संगणकाच्या या देवडीला कर्नल म्हणतात. उपकरणांशी बोलण्याचा अधिकार त्याचा. आपण वापरतो ते लिहिण्याचे, गाण्याचे, फोटोंचे प्रोग्रॅम आतल्या खोल्यांत बसलेले असतात. पाहुणा देवडीवर आला, तर आतल्यांना निरोप कसा द्यायचा? खरा प्रश्न इथे सुरू होतो.

एक उपाय म्हणजे आतल्यांनी थोड्या थोड्या वेळानं येऊन विचारायचं, कुणी आलं का? मी लहान असताना माझा थोरला भाऊ आखातात होता. त्याच्या पत्रासाठी अम्मी मला दिवसातून चार वेळा पोस्टात पिटाळायची. मी दमून जायचो आणि पोस्टमन वैतागायचे. शेवटी ते म्हणाले, "बाळा, तू येऊ नकोस. पत्र आलं की मी गल्लीच्या तोंडाशी हाळी देईन." माझ्या चार खेपा वाचल्या आणि पत्र मात्र लवकर मिळू लागलं. प्रोग्रॅमचंही तसंच. सारखं विचारत राहिलं तर वीज आणि वेळ फुकट जातो आणि दोन विचारण्यांच्या मधे कुणी येऊन गेलं तर ते कळतच नाही. हाळी देणारा हवा.

गंमत अशी, की अगदी तळाशी विचारणं थांबलेलं नाही. आपण एका जोडाला चार जोड करणारा हब लावतो. तो हब स्वतःहून बोलत नाही. संगणकातला यूएसबीचा नियंत्रक त्याला ठरावीक अंतरानं विचारत राहतो आणि काही बदल असला तरच हब उत्तर देतो. म्हणजे आपल्याला हाळी ऐकू येते, कारण खाली कुणीतरी आपल्या वाटच्या खेपा घालत असतं.

विंडोजमध्ये ही हाळी उपकरण बदलल्याच्या निरोपाच्या रूपानं उघड्या प्रोग्रॅमना मिळते. आपण पेन ड्राइव्ह लावताना जो चढता सूर ऐकतो आणि काढताना उतरता, तो याच निरोपांचा आपल्याला कळणारा भाग. सुरुवातीला हे सगळं सुरळीत नव्हतं. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर त्यांच्या सहकाऱ्यानं विंडोज ९८ ला स्कॅनर जोडला आणि हजारो लोकांदेखत पडदा निळा पडला. म्हणूनच आम्ही हे अजून विक्रीला काढलेलं नाही, अशा अर्थाचा विनोद करून गेट्स यांनी वेळ मारून नेली.

लिनक्सची कथा मला जास्त आवडली. २००१ च्या सुमारास तिथे पद्धत अशी होती, की प्रत्येक घटनेला कर्नल हॉटप्लग नावाचा एक नवा निरोप्या आत पाठवायचा. एक पाहुणा आला, एक निरोप्या पळाला. पण एकदम दहा पाहुणे आले तर दहा निरोपे एकाच वेळी पळायचे आणि कोण आधी पोचेल याचा नेम नसायचा. कुणी येऊन लगेच गेलं, तर 'गेला' हा निरोप आधी पोचायचा आणि 'आला' हा नंतर. मग आत बसलेला प्रोग्रॅम गेलेल्या माणसासाठी पाट मांडून बसायचा.

यावर सोपा उपाय निघाला. प्रत्येक निरोपाला अनुक्रमांक द्यायचा. पुढे निरोपे पाठवणंच मागं पडलं आणि कर्नल एका ठरलेल्या वाटेवर दवंडी पिटू लागला. त्या दवंडीत मोजकंच असतं: आला की गेला, कोणत्या वाटेनं, कोणत्या जातकुळीचा आणि अनुक्रमांक किती. ती ऐकायला यूडेव्ह नावाचा एक कारभारी बसलेला असतो. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आणला, २०१२ मध्ये तो सिस्टमडी या मोठ्या प्रकल्पात सामील झाला. कारभारी पाहुण्याला नाव देतो, त्याला कुणी हात लावायचा ते ठरवतो आणि मग स्वतःची दुसरी दवंडी पिटतो. भाचा म्हणाला, "मामू, नवशिके पहिल्या दवंडीवरच धाव घेतात. तेव्हा पाहुण्याची खोली तयारच नसते. शहाणा प्रोग्रॅम दुसऱ्या दवंडीची वाट पाहतो."

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला कवितेसारखी वाटली. समजा, एखादा प्रोग्रॅम उशिरा सुरू झाला. आधी आलेल्यांच्या दवंड्या त्यानं ऐकलेल्या नाहीत. मग त्यानं काय करावं? वाड्यात फिरून कोण कोण आहे ते मोजावं आणि मग दवंडी ऐकायला बसावं, असं आपल्याला वाटतं. पण मोजणी संपल्यानंतर आणि ऐकायला बसण्याआधी कुणी आलं तर? तो पाहुणा कायमचा निसटला. म्हणून नियम असा, की आधी कान उघडायचे आणि मग मोजायचं. एखादा पाहुणा दोनदा मोजला गेला तर चालतं, तो ओळखता येतो. सुटलेला मात्र कळत नाही.

आता जाण्याकडे वळू, कारण माझं नुकसान तिथे झालं.

जाणं दोन प्रकारचं असतं. एक सांगून, एक न सांगता. 'सुरक्षितपणे काढा' हे बटण आपण दाबतो, तेव्हा प्रणाली आधी प्रोग्रॅमना विचारते, हे उपकरण निघालंय, कुणाची हरकत आहे का? ज्या प्रोग्रॅमनं त्यावरची फाईल उघडी ठेवली आहे, तो हरकत घेऊ शकतो. मग आपल्याला वाचायला मिळतं: उपकरण वापरात आहे, नंतर प्रयत्न करा. या निरोपाचा मला तेव्हा राग यायचा. आज वाटतं, खोळंबा करणारा तो निरोप हिताचाच होता.

कुणाचीच हरकत नसली तर राहिलेलं लिखाण पुरं होतं. कारण आपण सेव्ह म्हणतो तेव्हा सगळं तत्क्षणी पेन ड्राइव्हवर जातंच असं नाही. वेग राहावा म्हणून काही भाग आधी संगणकाच्या स्मृतीत ठेवला जातो आणि सवडीनं उतरवला जातो. विंडोज १० मध्ये २०१८ च्या एका सुधारणेपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी हे सवडीचं उतरवणं मुळातच बंद ठेवलं जातं, म्हणून हल्ली नुकसान कमी होतं. पण लिखाण चालू असताना उपसलं तर कोणतीही सुधारणा वाचवू शकत नाही. फाईल अर्धी असते, कोणती फाईल कुठे आहे हे सांगणारा तक्ता अर्धा असतो. उपसल्यानंतर प्रोग्रॅमना निरोप जातो, पण तो विचारणा करणारा नसतो. तो निधनवार्तेसारखा असतो. हरकत घ्यायला वेळच उरलेला नसतो.

न सांगता जाणाऱ्याचीही काळजी घेणारे प्रोग्रॅम आहेत. एसटीत कुणी कानाला तार लावून गाणी ऐकत असतो. तार निसटली तर गाणं सगळ्या गाडीत वाजायला हवं, पण बहुतेक मोबाइलांत ते थांबतं. अँड्रॉइड प्रणाली अशा वेळी खास दवंडी पिटते, की आता गोंगाट होणार आहे. ती ऐकून गाण्याचा प्रोग्रॅम गप्प होतो. कुणा अनोळखी माणसानं बसमधल्या शेजाऱ्याचा विचार करून हे लिहिलं आहे, याचं मला बरं वाटतं.

येणाऱ्याचं स्वागतही जपूनच करावं लागतं. एके काळी पेन ड्राइव्ह आल्याची हाळी मिळताच त्यावरचा प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायचा. माझ्या दुकानात व्हायरस शिरायचे ते बहुतेक या दारानं. २००८ मध्ये कॉन्फिकर नावाचा किडा आला. तो पुढे पेन ड्राइव्हमधूनही जगभर पसरला. फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजमध्येही हे आपोआप चालणं बंद करण्यात आलं. आणि २०१४ मध्ये जर्मनीच्या दोन संशोधकांनी दाखवलं, की पेन ड्राइव्ह चिठ्ठीत खोटं लिहून 'मी कीबोर्ड आहे' असंही सांगू शकतो. पाहुणा आला हे कळणं वेगळं आणि तो खरा कोण हे कळणं वेगळं.

आता गुरुजींचं सांगतो. फाईल गेली हे मी त्यांना आठ दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "बस, पुन्हा सांगतो." पण तेच पुन्हा सांगता येत नाही. पहिल्यांदा चार संध्याकाळी लागल्या होत्या, दुसऱ्यांदा एक पुरली. दोन पानं झाली. काकूंच्या शेवटच्या दिवसांचं त्यांनी काहीच सांगितलं नाही. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "तो भाग राहू दे." मला ते सगळं आठवत होतं, मी लिहून घालू शकलो असतो. पण ते त्यांच्या तोंडचे शब्द नसते. दोन पानांच्या प्रकरणासह पुस्तक निघालं. वर्षभरात गुरुजी गेले. पुस्तक वाचलेले लोक म्हणतात, शेवट जरा घाईत उरकलाय. मी काही बोलत नाही.

तो पेन ड्राइव्ह त्यांनी मलाच देऊन टाकला. अजून गल्ल्यात आहे. कधी लावला तर चढता सूर वाजतो, संगणक मला सांगतो की कुणीतरी आलंय. त्याला एवढंच माहीत.

दुकानात मी एक पाटी लावली आहे: 'पेन ड्राइव्ह विचारल्याशिवाय काढू नये.' गिऱ्हाइकं हसतात. मागच्या महिन्यात नववीतला एक मुलगा प्रोजेक्ट छापायला आला होता. घाईत होता, हात पेन ड्राइव्हवर ठेवून उभा. म्हणाला, "काका, झालं ना? काढू का?" मी म्हटलं, "मला नको विचारू, त्याला विचार." त्यानं बटण दाबलं. पडद्यावर आलं, उपकरण वापरात आहे. त्याची फाईल उघडीच राहिली होती. ती त्यानं बंद केली, पुन्हा विचारलं, होकार आला, काढलं. सगळं मिळून अर्धा मिनिट लागला असेल. बाहेर त्याचे मित्र हाका मारत होते. जाताना पायरीवरून वळून म्हणाला, "येतो, काका."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)